काट्यावरची चिठ्ठी आणि मोबाईलमधली 'कुकी'



ऊस विकास विभागाच्या वतीने या पानावर बेणे, खते, पाणी, खोडवा व्यवस्थापन यांची माहिती आपण नेहमी वाचता. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. सातबारा आता मोबाईलवर निघतो. हवामानाचा अंदाज, बाजारभाव, पीक विमा, कर्जाची चौकशी, सगळे त्याच यंत्रावर चालते. गट ऑफिसात आणि फडावर आम्हांला दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. पहिला असा : "साहेब, कुठलंही पान उघडलं की 'आम्ही कुकीज वापरतो, स्वीकारा' असं येतं. ते दाबलं तर पैसे जातात का?" आणि दुसरा असा : "परवा नुसता ठिबकचा भाव बघितला, तर आता जिकडं तिकडं ठिबकच्याच जाहिराती. ह्यांना कळतं कसं?" हे दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीशी निगडित आहेत. ती गोष्ट सोप्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

कुकी म्हणजे काय?

कारखान्यावर ऊस घेऊन आलेल्या गाडीचे वजन दोनदा होते. आधी भरल्या गाडीचे, मग ऊस उतरवून आल्यावर रिकाम्या गाडीचे. दोहोंतील फरक हे उसाचे निव्वळ वजन. काट्यावरच्या कारकुनापुढून हंगामात रोज शेकडो वाहने जातात. परत आलेले रिकामे वाहन मघाचे कोणते, हे तो नुसते बघून सांगू शकत नाही. म्हणून चिठ्ठी असते. चिठ्ठी दाखवली की मघाचे वजन सापडते आणि हिशोब पुरा होतो.

वेबसाईट चालवणारे यंत्र या कारकुनापेक्षाही विसराळू असते. आपण एक पान मागितले, त्याने दिले, की संबंध संपला. लगेच दुसरे पान मागितले तर मागणारा मघाचाच की नवा, हे त्याला ठाऊक नसते. पाने पाठविण्याची मूळ पद्धतच तशी आहे. १९९४ साली अमेरिकेतील नेटस्केप कंपनीचे अभियंता लू मोंटुली यांनी यावर तोड काढली. वेबसाईटने अक्षर-आकड्यांची एक लहानशी चिठ्ठी आपल्या ब्राउझरजवळ ठेवावयास द्यायची आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक खेपेस ती दाखवायची. (ब्राउझर म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, सफारी असे पाने उघडण्याचे साधन.) या चिठ्ठीलाच कुकी म्हणतात.

तेव्हा कुकी हा काही व्हायरस नव्हे. तो साधा मजकूर आहे. कुकी स्वीकारली म्हणून बँकेतून पैसे जात नाहीत. एकदा पासवर्ड देऊन आत गेल्यावर पानोपानी पुन्हा पासवर्ड विचारला जात नाही, एकदा मराठी भाषा निवडली की दुसऱ्या दिवशीही मराठीच दिसते, ही सगळी कुकीचीच कामे होत. या चिठ्ठीवाचून काम अडेल, इतकी ती उपयोगाची आहे.

कोपऱ्यात बसलेला तिऱ्हाईत

मग तक्रार कशाची? तक्रार काट्यावरच्या चिठ्ठीची नाही. तक्रार तिऱ्हाइताच्या चिठ्ठीची आहे.

समजा, सोसायटीच्या खत दुकानात एक अनोळखी माणूस कोपऱ्यात वही घेऊन बसला आहे. आपण आत गेल्याबरोबर त्याने हळूच आपल्या खिशात ४१७ नंबरची चिठ्ठी टाकली. तेथून आपण दवाखान्यात गेलो, तर तेथेही त्याचाच माणूस बसलेला. पुढे बँकेत गेलो, तेथेही तोच प्रकार. संध्याकाळी त्याच्या वहीत लिहिलेले असते : '४१७ नंबर. दहा पोती खत. गुडघेदुखीची चौकशी. सोनेतारण कर्जाचा व्याजदर विचारला.' आपण त्याला एक शब्दही सांगितलेला नाही. दुकानदाराने, डॉक्टरने आणि बँकेने त्याला बसायला जागा दिली, एवढेच.

इंटरनेटवर हे असेच चालते. आपण बाजारभावाचे पान उघडतो तेव्हा त्या पानाचे सगळे तुकडे एकाच ठिकाणाहून येत नाहीत. मजकूर एकाकडून, जाहिरात दुसऱ्याकडून, तर कधी डोळ्यांना न दिसणारे ठिपक्याएवढे चित्र तिसऱ्याकडून येते. तुकडा पाठवणारा प्रत्येक जण आपली चिठ्ठी देऊ शकतो. त्याच तिऱ्हाइताचा तुकडा हजारो पानांवर असला, तर त्या सर्व ठिकाणी त्याला आपली चिठ्ठी दिसते आणि वही भरत जाते. या चिठ्ठीला 'थर्ड पार्टी कुकी' म्हणतात. ठिबकचा भाव बघितल्यावर ठिबकच्या जाहिराती मागे लागतात, त्या अशा.

या वहीला मोल किती? जाहिराती पोहोचवणारी डबलक्लिक ही कंपनी गुगलने ३१० कोटी डॉलरना घेण्याचे २००७ साली जाहीर केले आणि २००८ मध्ये व्यवहार पुरा झाला. आज पान उघडता उघडता, आपली पापणी लवण्याच्या आत, त्या पानावरची जाहिरातीची जागा कोणाला द्यावयाची याचा सौदा यंत्रायंत्रांत होऊन जातो. बाजार समितीत सौदा निघतो तेव्हा माल कोणाचा, बोली कोणाची, हे मालकासमोर होते. येथे बोली लागते ती आपल्यावर, आणि आपल्याला खबर नसते.

नंबराला नाव केव्हा लागते?

हा मुद्दा नीट ध्यानात घ्यावा. नुसत्या कुकीला आपले नाव, गाव किंवा मोबाईल नंबर माहीत नसतो. तिच्या लेखी आपण ४१७. पण आपण ईमेल किंवा मोबाईल नंबर टाकून कोठे प्रवेश केला, 'मोफत माहितीसाठी नंबर द्या' अशा चौकटीत नंबर भरला, 'अनुदान मिळवा' म्हणून अर्ज भरला, की ४१७ ला नाव चिकटण्याची सोय होते. 'ट्रॅक्टर कर्ज' बघितल्यावर दोन दिवसांत फोन सुरू झाले, असे कोणी सांगतो तेव्हा आम्ही प्रथम हेच विचारतो की, कोठे नंबर भरला होता काय? बहुधा भरलेला असतो.

"आमचं काय जातंय?"

"आम्ही काय चोरी करतो? बघू द्या की कुणाला बघायचंय ते!" असेही काही सभासद म्हणतात. म्हणणे प्रामाणिक आहे. पण शेतकऱ्याची नड ज्याला आधी कळते, तो भाव पाडतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. लागणीच्या तोंडावर किंवा मुलीच्या लग्नाच्या वेळी पैशाची गरज कोणाला आहे, हे गावच्या सावकाराला कसे कळत असे? वहीवरून. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून शेतकऱ्यांचा जो उठाव सुरू झाला, त्यात लोकांचा मुख्य रोख सावकारांजवळच्या कर्जरोख्यांवर आणि कागदपत्रांवर होता. आपण कशावर अंगठा उठवला आणि वहीत काय लिहिले गेले, हे त्यांना माहीत नसे. पुढे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याला पावती आणि हिशोबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला.

आजची वही सावकाराच्या वहीइतकी जुलमी आहे, असे आम्ही म्हणत नाही. जाहिरात दिसली म्हणून कोणाची जमीन जात नाही. पण आपली नड, आपले दुखणे, आपली ऐपत यांचा हिशोब दुसऱ्याच्या वहीत आणि आपल्याला त्याचा उतारा नाही, ही स्थिती तीच आहे. महागडे कर्ज किंवा बोगस औषध विकणाऱ्याला गरजू माणूस नेमका सापडणे, हा तोटा लहान नव्हे.

कायदा काय म्हणतो?

'स्वीकारा' ही पाटी मुळात युरोपातील कायद्यांमुळे आली. गरजेपलीकडची चिठ्ठी द्यावयाची तर आधी विचारले पाहिजे, असा तिकडे दंडक आहे. आधीच खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये दिला. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामक संस्थेने गुगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचे जाहीर केले. कारण एवढेच, की 'स्वीकारा' एका दाबात होत होते आणि नाकारण्यासाठी मात्र अनेकदा दाबावे लागत होते.

आपल्याकडे खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. माहिती गोळा करणाऱ्यांवरील मुख्य बंधने लागू होण्यास नियमांत अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. या कायद्यातील चार गोष्टी सभासदांनी ध्यानात ठेवाव्यात. एक, माहिती कशासाठी हवी हे सांगणारी सूचना मराठीत मागता येते. दोन, दिलेली संमती परत घेता येते, आणि ती परत घेणे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. तीन, आपली कोणती माहिती घेतली आहे, याचा गोषवारा मागता येतो. चार, अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखविण्यास मनाई आहे.

सभासदांनी काय करावे?

१) पाटी आली की सवयीने 'स्वीकारा' दाबू नये. 'सर्व नाकारा' किंवा 'फक्त आवश्यक' असे बटण शोधावे. नाकारले तरी बहुतेक पाने व्यवस्थित उघडतात.

२) सफारी ब्राउझर २०२० पासून तिऱ्हाइताच्या कुकीज आपणहून अडवतो. क्रोममधूनही त्या काढून टाकू, असे गुगलने २०२० मध्ये जाहीर केले होते, पण २०२४ मध्ये तो बेत बदलला. सबब क्रोम वापरणाऱ्यांनी बंदोबस्त स्वतः करावा. वरच्या कोपऱ्यातील तीन ठिपके दाबून सेटिंग्ज उघडावे, तेथे 'थर्ड पार्टी कुकीज' हे सदर शोधावे आणि त्या ब्लॉक कराव्यात. घरातल्या शिकत्या मुलामुलींकडून हे दोन मिनिटांत करून घेता येईल.

३) 'इन्कॉग्निटो' खिडकी म्हणजे अदृश्य होणे नव्हे. खिडकी बंद केल्यावर त्या वेळच्या कुकीज आपल्या फोनवरून पुसल्या जातात, एवढेच. समोरच्या वेबसाईटला आपण आलो हे दिसतेच.

४) ॲपमध्ये वही भरण्यासाठी कुकीऐवजी फोनचा जाहिरात क्रमांक वापरतात. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये जाहिरातींच्या सदरात तो काढून टाकता येतो. तसेच बॅटरीच्या ॲपने आपले ठिकाण किंवा फोनबुक मागितले तर देऊ नये. त्याचा त्याला काय उपयोग, हा साधा प्रश्न स्वतःला विचारावा.

५) सेवा केंद्रात किंवा दुसऱ्याच्या संगणकावर काम झाले की 'लॉग आउट' केल्याशिवाय उठू नये. नुसते पान बंद केल्याने प्रवेशाची चिठ्ठी तेथेच राहू शकते आणि मागून येणारा आपल्या खात्यात शिरू शकतो.

६) ओटीपी मागणारे फोन आणि व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फायली हा निराळा आणि फार मोठा धोका आहे. त्याचा कुकीशी संबंध नाही. ओटीपी कोणालाही सांगू नये, अशी फाईल उघडू नये. फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

शेवटी आपल्या घरातली गोष्ट. कारखान्याच्या दप्तरात प्रत्येक सभासदाचे क्षेत्र, बँक खाते, मोबाईल नंबर असतो. वस्तू विकणारे लोक आमच्याकडे येऊन "अमुक गटातील नंबरांची यादी द्या" असे गोडीत मागतात. ती दिली जात नाही, देऊही नये. पण त्याच वेळी काही सभासद आधार कार्डाचा आणि पासबुकाचा फोटो दीडशे माणसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, असे आढळून येते. असे करू नये. कागद द्यावयाचे असतील ते गट ऑफिसात समक्ष द्यावेत आणि कशासाठी घेतले, हे विचारून घ्यावे. ते विचारण्याचा आपला हक्क आहे, आणि सांगणे हे आमचे काम आहे.

वरीलपैकी क्रोमचे सेटिंग किंवा जाहिरात क्रमांक काढून टाकणे ज्यांना घरी जमणार नाही, त्यांनी ऊस नोंदीच्या कामासाठी गट ऑफिसात येताना मोबाईल बरोबर आणावा. शेती खात्याचे कर्मचारी ते दाखवून देतील.

— ऊस विकास अधिकारी