मनोऱ्यावरचा दलोने नेमका कोण?

पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याच्या पहिल्या मजल्याखाली, चारही बाजूंनी, फ्रेंच वैज्ञानिक आणि अभियंत्यांची ७२ नावं सोनेरी अक्षरांत लावलेली आहेत. प्रत्येक बाजूला अठरा. जागा कमी, अक्षरं मोठी, त्यामुळे गुस्ताव आयफेलने फक्त आडनावं घेतली. एकोल मिलितेर या सैनिकी शाळेकडे तोंड करून असलेल्या बाजूवर त्यांतलं एक आडनाव आहे, ‘दलोने’.

पुढचं काम गैरसमजांनी केलं. दलोने या आडनावाची माणसं खगोलशास्त्रात आहेत, गणितात आहेत, चित्रकलेत आहेत, जॅझ संगीतातही आहेत. एकाचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जमा होणं इथे नित्याचं आहे.

गैरसमज : मनोऱ्यावरचं नाव चित्रकार रोबेर दलोनेचं आहे

असं वाटायला कारण भक्कम आहे. आयफेल मनोरा ज्याने पुन्हा पुन्हा रंगवला, मोडून, वाकवून, लाल रंगात पेटवून दाखवला, तो रोबेर दलोनेच. १९०९ पासून त्याने या विषयावर चित्रांची मालिकाच केली. त्यातली काही चित्रं आज न्यूयॉर्कच्या गुगनहाइम आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. मग मनोऱ्याने त्याच्या नावाची परतफेड केली असेल, असं कुणालाही वाटेल.

पण मनोऱ्याचं उद्घाटन झालं मार्च १८८९ मध्ये आणि रोबेरचा जन्म एप्रिल १८८५ चा. नावं ठरली तेव्हा तो चार वर्षांचाही झाला नव्हता. मनोऱ्यावरचा दलोने म्हणजे शार्ल-युजेन दलोने, चंद्राच्या गतीचं गणित मांडणारा खगोलशास्त्रज्ञ. तो १८७२ मध्ये शेरबूरजवळ समुद्रात नाव उलटून बुडाला.

चित्रकार दलोनेचा मनोऱ्यावरच्या नावांशी खरा धागा आहे, पण तो दुसऱ्याच बाजूवर, दुसऱ्याच नावाशी. मिशेल-युजेन शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ गोबेलँच्या राजेशाही विणकामशाळेत रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा रंग नीट चढत नाही अशा तक्रारी त्याच्याकडे येत. तपासल्यावर लक्षात आलं, की दोष रंगात नव्हता, शेजारच्या रंगात होता. दोन रंग शेजारी आले की डोळ्यांना दोघंही बदललेले दिसतात. या विषयावरचा त्याचा ग्रंथ १८३९ चा. सत्तर वर्षांनी रोबेर दलोने याच सिद्धान्तावर आपली चित्रं उभी करत होता. रंगांच्या वर्तुळांचा त्याचा हा प्रवाह ‘ऑर्फिझम’ या नावाने ओळखला जातो. ते नाव कवी गिओम अपोलिनेरने दिलं.

गैरसमज : चंद्राचं ते प्रचंड गणित वाया गेलं

शार्ल-युजेनने चंद्रासाठी वीस वर्षं दिली. दहा वर्षं गणित करण्यात आणि दहा ते पुन्हा तपासण्यात. पृथ्वी आणि सूर्य दोघांच्या ओढीत सापडलेला चंद्र नेमका कुठे असेल, हे त्याला आकड्यांऐवजी बीजगणिताच्या सूत्रांत मांडायचं होतं. १८६० आणि १८६७ मध्ये आलेले त्याचे दोन खंड प्रत्येकी नऊशे पानांच्या घरातले आहेत आणि सूत्रांनी खच्चून भरलेले आहेत.

त्याच्या श्रेणींतून अचूक उत्तर फार सावकाश हाती येतं, हे खरं. म्हणून चंद्राची कोष्टकं करणाऱ्यांनी पुढे वेगळ्या पद्धती पत्करल्या. पण १९७० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ते सगळं गणित संगणकाकडून करून घेतलं. संगणकाला सुमारे वीस तास लागले आणि हाताने केलेल्या गणितात चुका सापडल्या तीन, त्याही अशा, की दोन पहिलीच्या पोटी जन्मलेल्या. त्याने योजलेली चलं तर निवृत्त झालीच नाहीत. कृत्रिम उपग्रहांच्या कक्षांचं गणित करणारे आजही ‘दलोने चलं’ वापरतात.

१८६५ मध्ये त्याने आणखी एक गोष्ट सुचवली. चंद्राच्या चालीतला थोडा फरक गणिती लाप्लासच्या गणनेत बसत नव्हता. दलोने म्हणाला, चंद्र वाटतो तेवढा वेग घेत नसेल, आपलं घड्याळच मंदावत असेल. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचं फिरणं हळूहळू मंदावतं, हे आता सर्वमान्य आहे. दिवस शतकाला साधारण दोन मिलिसेकंदांनी लांबतो.

गैरसमज : ‘दलोने त्रिकोण’ याच खगोलशास्त्रज्ञाचे

संगणकशास्त्राचे विद्यार्थी हमखास इथे फसतात. विखुरलेले बिंदू त्रिकोणांनी जोडायचे आणि अट एकच, कुठल्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळाच्या आत दुसरा बिंदू येता कामा नये. या अटीमुळे सुईसारखे निमुळते त्रिकोण शक्य तितके टळतात. डोंगरउतारांचे त्रिमितीय नकाशे, यंत्राच्या भागावर येणाऱ्या ताणाचं गणित, संगणकीय चित्रं, सगळीकडे हे जाळं लागतं.

ते मांडणारा दलोने फ्रेंच नव्हता. बोरिस निकोलायेविच दलोने हा सेंट पीटर्सबर्गमध्ये १८९० साली जन्मलेला रशियन गणिती. १९३४ चा त्याचा शोधनिबंध सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत छापून आला, पण फ्रेंच भाषेत, त्यामुळे नावाची स्पेलिंगही फ्रेंच वळणाची. वाचणाऱ्याला पॅरिस आठवलं तर दोष त्याचा नाही. याच बोरिसने १९३४ मध्येच लेनिनग्राडला शाळकरी मुलांसाठी गणित ऑलिम्पियाड भरवलं. तो कसलेला गिर्यारोहकही होता आणि अल्ताई पर्वतातलं एक शिखर त्याच्या नावाचं आहे.

घोटाळा वाढवणारी भर म्हणजे खगोलशास्त्रज्ञाच्या नावेही भूमितीत एक शोध आहेच. १८४१ मध्ये त्याने सरासरी वक्रता सर्वत्र सारखी असलेली परिभ्रमण-पृष्ठं शोधली. विवृत्तासारखा शांकव सरळ रेषेवरून घरंगळवला, त्याच्या नाभीने काढलेली वक्ररेषा त्याच रेषेभोवती फिरवली, की हे आकार मिळतात. दोन कड्यांमध्ये ताणलेला साबणाचा पडदा आत हवा कोंडल्यावर असेच आकार घेतो. थोडक्यात, ‘दलोने पृष्ठ’ शार्ल-युजेनचं आणि ‘दलोने त्रिकोण’ बोरिसचे. मध्ये ९३ वर्षांचं अंतर.

गैरसमज : सोनिया दलोने म्हणजे रोबेरची सहायक

सोनियाचा जन्म १८८५ मध्ये युक्रेनमधल्या ज्यू कुटुंबातला. ती वाढली सेंट पीटर्सबर्गला, श्रीमंत मामाकडे. म्हणजे बोरिसच्याच शहरात, पण दलोने हे आडनाव तिला मिळालं पॅरिसमध्ये, १९१० मध्ये रोबेरशी लग्न झाल्यावर.

१९११ मध्ये तिने तान्ह्या मुलासाठी कापडाचे तुकडे जोडून एक पांघरूण शिवलं. ते आज पॅरिसच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. १९१३ मध्ये कवी ब्लेझ सांद्रारबरोबर तिने घड्यांचं एक पुस्तक काढलं, उलगडल्यावर दोन मीटर लांब. दीडशे प्रती काढायच्या असं ठरलं होतं, कारण त्या एकापुढे एक लावल्या की आयफेल मनोऱ्याएवढी उंची भरते. १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर माहेरच्या मालमत्तेचं उत्पन्न बंद झालं, तेव्हा कापडांची आणि पोशाखांची संकल्पनं करून घर चालवलं ते तिनेच. रोबेर १९४१ मध्ये गेला. सोनिया १९७९ पर्यंत काम करत राहिली. १९६४ मध्ये, हयातीतच, लूव्ह्रमध्ये तिच्या कामाचं प्रदर्शन भरलं. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री चित्रकार.

गैरसमज : सगळे दलोने एकाच घराण्यातले

हे आडनाव आल्डर झाडांच्या राईवरून पडलेल्या गावनावांतून आलं आहे, आणि अशी गावं उत्तर व पश्चिम फ्रान्समध्ये जागोजाग आहेत. महाराष्ट्रात वडगावं अनेक, म्हणून वडगावकर घराणीही अनेक, तसाच हा प्रकार. म्हणूनच नांत शहरातला, रोबेरच्या आधीच्या पिढीतला झ्यूल-एली दलोने हाही नामवंत चित्रकार निघतो.

बोरिसचं घराणं मात्र खरोखर फ्रान्समधून गेलेलं. १८१२ च्या नेपोलियनच्या स्वारीत कैद होऊन रशियातच राहिलेल्या एका अधिकाऱ्यापासून ते सुरू झालं, असं सांगितलं जातं. बोरिसचा नातू वादिम कवी निघाला. चेकोस्लोव्हाकियावरच्या सोव्हिएत आक्रमणाविरुद्ध २५ ऑगस्ट १९६८ रोजी मॉस्कोच्या लाल चौकात निदर्शनं करणाऱ्या मूठभर लोकांत तो होता. त्यासाठी त्याने छावणीत शिक्षा भोगली, १९७५ मध्ये देश सोडला आणि पॅरिस गाठलं.

राहता राहिला तो पांघरुणातला मुलगा. रोबेर आणि सोनियाने त्याचं नाव ठेवलं शार्ल. तो जॅझचा प्रसारक झाला. गिटारवादक जँगो राइनहार्टचं प्रसिद्ध वाद्यपंचक ज्या ‘हॉट क्लब द फ्रान्स’च्या छत्राखाली वाजलं, त्याचा तो एक आधारस्तंभ. १९३६ मध्ये त्याने जॅझच्या ध्वनिमुद्रिकांची तपशीलवार सूची छापली. त्यामुळे ग्रंथालयात शार्ल दलोने शोधणाऱ्याने आधी जन्मसाल पाहावं : १८१६ असेल तर पुस्तक चंद्राचं, १९११ असेल तर जॅझचं.