आईचीही विचारपूस : स्त्रियांच्या मानसिक आरोग्यासाठी वैद्यकीय प्रशिक्षण

प्रसूतिकक्षातून बाळाचे पहिले रडणे ऐकू आले की बाहेर ताटकळलेल्या आप्तांचा जीव भांड्यात पडतो. मग बाळाचे वजन होते, लस टोचली जाते; बाळंतिणीचे टाके, ताप, रक्तदाब आणि दूध यांची नोंद होते. आमच्या नोंदपत्रकात या प्रत्येक गोष्टीसाठी रकाना आहे. आईचे मन कसे आहे, हे विचारणारा रकाना मात्र पुष्कळ वर्षे नव्हता. तो का हवा आणि तो भरण्यासाठी डॉक्टरांना व परिचारिकांना काय शिकावे लागते, हे आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तजन यांच्यापुढे मांडण्याचा हा प्रयत्न.

एक अनुभव

ओळख पटेल असे तपशील गाळून एक प्रसंग सांगतो. एका तरुण मातेने बाळाला तीन वेळा बालरोग विभागात आणले. बाळाचे पोट भरत नाही, एवढीच तिची तक्रार होती. बाळाचे वजन उत्तम वाढत होते. तिन्ही वेळा आम्ही तिला धीर देऊन घरी पाठवले. चौथ्या खेपेस एका ज्येष्ठ परिचारिकेने बाळाला मांडीवर घेतले आणि विचारले, "बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते का गं?" त्यासरशी तिला रडू कोसळले. कित्येक रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आपण नसलो तर बाळाचे भले होईल, या विचाराने तिच्या मनात घर केले होते.

उपचारांनी ती बरी झाली. परंतु तीन संधी आम्ही गमावल्या होत्या, ही बोच राहिली. कोणी हयगय केली नव्हती; असा प्रश्न विचारायला कोणाला शिकवलेच नव्हते.

प्रश्न केवढा आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे १० टक्के गर्भवतींना आणि १३ टक्के नवमातांना मानसिक विकार, मुख्यतः नैराश्य, जडतो. विकसनशील देशांत हे प्रमाण आणखी अधिक आहे. आपल्याच किनारपट्टीवरील गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी, पतीशी बेबनाव आणि मुलाची आस असताना मुलगी होणे, ही त्यामागील ठळक कारणे होती.

वसई-विरारचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पहिले बाळंतपण माहेरी आणि सव्वा महिना विसावा, ही आपली जुनी रीत. नालासोपारा-विरारच्या चाळींत राहणाऱ्या अनेक मुलींचे माहेर आज शेकडो मैल दूर आहे आणि नवरा पहाटेची लोकल पकडतो. गावातल्या मोठ्या कुटुंबात माणसे भरपूर असतात, परंतु "बाळ झाले आणि हिला रडू कसले येते?" या प्रश्नापुढे सून गप्प बसते. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे तर दूरच. 'ठाण्याला नेले' या दोन शब्दांचा दरारा आपल्याकडे अजून ओसरलेला नाही. म्हणूनच जी स्त्री मनोविकारतज्ज्ञाकडे जाणार नाही, पण प्रसूतितज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व परिचारिका यांच्याकडे हमखास येते, तिच्यासाठी याच मंडळींना तयार करणे आवश्यक आहे.

काय शिकावे लागते

पहिला धडा तीन अवस्था ओळखण्याचा. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अनेक मातांना उगाच रडू येते, मन हळवे होते. ही स्थिती दोन आठवड्यांत आपोआप निवळते. उदासी त्याहून अधिक टिकली, कशात गोडी वाटेनाशी झाली, अपराधीपणा छळू लागला, तर ते प्रसूतिपश्चात नैराश्य असू शकते. तिसरी अवस्था विरळ, हजार प्रसूतींमागे एक-दोन मातांमध्ये दिसणारी. हिच्यात पहिल्या काही दिवसांतच झोप उडते, बोलणे असंबद्ध होते, भास होतात. घरचे 'बाहेरचे काही लागले' म्हणून उतारा करतात. वास्तविक ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे आणि तिच्यात एक दिवसाचा विलंबही माता व बालक दोघांच्या जिवावर बेतू शकतो.

दुसरा धडा विचारण्याचा. १९८७ मध्ये तयार झालेली एडिंबरो प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात गेल्या सात दिवसांविषयी १० प्रश्न असून शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी आहे. हा प्रश्न विचारताना नवख्या डॉक्टरची जीभ अडखळते. विचारल्याने विचार बळावेल, अशी भीती वाटते. ही भीती निराधार आहे. विचारल्याने बहुधा मन मोकळेच होते. मात्र तो सासूसमोर विचारून चालत नाही. मातेला एकटीला बसवून, तिला कळेल अशा बोलीत विचारावे लागते. मराठी, हिंदी, गुजराती, कादोडी, वाडवळी, वारली अशा अनेक बोलींच्या या परिसरात हे काम छापील कागदावर भागत नाही.

तिसरा धडा औषधांचा. थकवा आणि उदासी यांमागे रक्तक्षय किंवा थायरॉईडचा विकारही असू शकतो. तो आधी तपासावा लागतो. स्तनपान चालू असताना सर्ट्रालीनसारख्या काही औषधांचा अत्यल्प अंशच दुधात उतरतो, तर व्हॅलप्रोएटमुळे गर्भाच्या मेंदूला व मणक्याला अपाय होऊ शकतो. हे माहीत नसल्यास चांगले औषध भीतीपोटी बंद केले जाते आणि घातक औषध चालू राहते.

चौथा धडा घरातील हिंसा ओळखण्याचा. २००० साली मुंबई महानगरपालिका आणि 'सेहत' या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केले. प्रशिक्षण मिळाल्यास रुग्णालयातील कर्मचारी पीडित स्त्रीचा पहिला आधार होऊ शकतात, हे या केंद्राने दाखवून दिले.

कसे शिकवावे

एका दिवसाच्या व्याख्यानाने माहिती मिळते, सवय लागत नाही. प्रशिक्षणार्थींनी आळीपाळीने रुग्ण व डॉक्टर होऊन संवादाचा सराव करणे, नंतर अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली खऱ्या मातांशी बोलणे आणि अवघड प्रसंगांची नियमित चर्चा करणे, या तीन पायऱ्या आम्ही आवश्यक मानतो. बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेत २००९ पासून आई व बाळ यांना एकत्र दाखल करून घेणारा विभाग आहे. गोव्यात तर प्रशिक्षण दिलेल्या सामान्य गृहिणींनी नैराश्यग्रस्त मातांना साथ दिली. सहा महिन्यांनी त्या मातांमध्ये नैराश्यमुक्त झालेल्यांचे प्रमाण अधिक होते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत घरी भेट देणाऱ्या आशा कार्यकर्तीलाही हे शिक्षण मिळाले, तर रुग्णालयाचा हात घरापर्यंत पोहोचेल.

आप्तजनांस व देणगीदारांस

उपचार घेतले तर बाळ हिरावून घेतील, अशी भीती कोणी बाळगू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मनोरुग्णालयात दाखल मातेपासून तीन वर्षांखालील बाळाला सर्वसाधारणपणे वेगळे करता येत नाही. अडचणीच्या वेळी शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे.

आमच्या देणगीदारांनी आजवर खाटा दिल्या, यंत्रे दिली, त्यांवर त्यांची नावे सन्मानाने कोरली गेली. प्रशिक्षणावर अशी पाटी लावता येत नाही. एक परिचारिका शिकायला गेली, तर कक्षात तिच्या जागी दुसरी नेमावी लागते. तज्ज्ञाला दरमहा बोलवावे लागते. हा खर्च हिशेबात लहान दिसतो, पण दरवर्षी येतो. तो उचलण्यास आपण पुढे यावे, ही नम्र विनंती. बाळाला घेऊन पहिल्यांदाच आमच्या दारी आलेल्या मातेला तिच्या मनाचा प्रश्न त्याच दिवशी विचारला जावा, चौथ्या खेपेपर्यंत तिला थांबावे लागू नये, एवढेच आमचे मागणे आहे.