वाघनख : शस्त्र कसं होतं, लंडनहून काय आलं आणि गळ्यातलं नख का नको

वर्धा : 2025 मध्ये नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, लंडनहून आणलेली वाघनखं मांडली होती. जिल्ह्यातल्या लोकांसाठी नागपूर म्हणजे तासा-दीड तासाची वाट. पण ही वाघनखं खुद्द महाराजांच्या हातातली का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

हे शस्त्र नेमकं कसं?

वाघनख म्हणजे पोलादाची एक आडवी पट्टी. तिला चार-पाच वाकडी, टोकदार नखं आणि दोन्ही टोकांना एकेक कडी. कड्या बोटांत घातल्या की नखं तळहाताखाली लपतात. समोरच्याला दिसतात त्या फक्त अंगठ्या. मूठ मिटली की शस्त्र दिसतच नाही, हीच त्याची खरी ताकद.

मात्र वाघनखाने फाडता येतं, खोलवर भोसकता येत नाही. म्हणून जोडीला बिचवा लागतो. बिचवा म्हणजे विंचवाच्या नांगीसारखी वाकडी छोटी कट्यार. काही वाघनखांना बाजूला असं पातंच जोडलेलं असतं.

प्रतापगडाखाली काय घडलं?

10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी विजापूरचा सरदार अफझलखान आणि शिवाजी महाराज यांची भेट ठरली. मिठी मारताना खानाने वार केला. अंगरख्याखाली चिलखत असल्याने महाराज वाचले आणि त्यांनी खानाचा कोथळा काढला. सभासद बखरीत वाघनख आणि बिचवा, दोन्ही येतात. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात मात्र कृपाणाचा उल्लेख आहे. म्हणजे शस्त्र कोणतं, यावर जुन्या साधनांतही एकमत नाही.

लंडनला कशी गेली?

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी म्हणून जेम्स ग्रँट डफ आला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तो हाच. त्याच्याकडची वाघनखं पुढे त्याच्या वंशजांकडून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेली. सोबतच्या पेटीवर लिहिलंय की शिवाजींनी मुघल सेनापतीला मारलं ते हेच वाघनख आणि पेशव्यांच्या प्रधानाने ते डफला दिलं. पण अफझलखान मुघलांचा नव्हे, आदिलशाहीचा सरदार होता. पेटीवरचा मजकूरच इथे चुकतो. शिवाय घटना आणि डफ यांच्यात जवळपास 160 वर्षांचं अंतर. ही तीच वाघनखं असल्याची खात्री देता येत नाही, असं संग्रहालयानेच सांगितलं आहे. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनीही जाहीर आक्षेप घेतला होता.

ऑक्टोबर 2023 मध्ये तत्कालीन सांस्कृतिक कार्यमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी लंडनमध्ये करार केला. जुलै 2024 मध्ये वाघनखं आधी साताऱ्यात आली, मग नागपुरात. ती कायमची परत मिळालेली नाहीत, तीन वर्षांसाठी उसनी आणलेली आहेत.

गळ्यातलं नख म्हणजे गुन्हा

आपल्याकडे वाघनख म्हटलं की आणखी दोन गोष्टी आठवतात. एक, बांधावरची वाघनखी. तिच्या वाळल्या बोंडाचे दोन वाकडे काटे धोतराला, लुगड्याला अडकतात. ती निरुपद्रवी. दुसरी म्हणजे नजर लागू नये म्हणून पोराच्या गळ्यात बांधलेलं, सोन्या-चांदीत मढवलेलं खरं नख. हे मात्र महागात पडू शकतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाचा कोणताही अवयव बाळगणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, वर दंड. आजोबांच्या काळातलं आहे, एवढं म्हणून सुटका होत नाही.

सेलू तालुक्यात बोर व्याघ्र प्रकल्प आहे. नखाला गिऱ्हाईक असलं की वाघाच्या जिवावर उठणारेही असतात. महाराजांचं वाघनख पोलादाचं होतं. त्यांची आठवण ठेवायला वाघाचं नख लागत नाही.