ध्रुव किती वर दिसतो?

चामोर्शीहून नागपूर सुमारे २०० किलोमीटर. शाळेची सहल तेथील रामन विज्ञान केंद्रात न्यायची तर दिवसाचा बराच वेळ प्रवासातच जातो. हे केंद्र १९९२ साली सुरू झाले आणि तेथील तारांगण १९९७ साली. एवढ्या लांब जाऊन मुले घुमटाखाली बसतात, खेळ पाहतात, आणि 'काय पाहिले?' असे विचारले की 'खूप तारे होते' एवढेच सांगतात. यात दोष मुलांचा नाही. घुमटातल्या आकाशाचा आपल्या अंगणातल्या आकाशाशी काय संबंध, हे आपण त्यांना आधी दाखवलेले नसते.

तारांगणात मुळात घडते काय? जुन्या पद्धतीच्या तारांगणात घुमटाच्या मधोमध एक गोळा असतो. त्यातून प्रकाशाचे बारीक ठिपके घुमटावर पडतात, तेच तारे. असे पहिले यंत्र झाइस कंपनीने बनवले आणि १९२३ साली म्युनिक येथे दाखवले. आपल्याकडे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ सालीच तारांगण झाले. गोळा फिरला की तारे उगवतात, मावळतात. रात्रभराचा प्रवास काही मिनिटांत उरकतो. गोळ्याचा अक्ष कलता केला की प्रेक्षक जागचे न हलता दुसऱ्या अक्षांशावर पोचतात. आता अनेक ठिकाणी हेच काम संगणक करतो.

हा अक्ष किती कलता ठेवायचा? तेथे आपल्या अंगणातला ध्रुवतारा उपयोगी पडतो. उत्तर ध्रुवावर उभे राहिलो तर तो थेट डोक्यावर, म्हणजे क्षितिजापासून ९० अंशांवर दिसेल. विषुववृत्तावर तो क्षितिजाला टेकलेला असेल. म्हणजे ध्रुवाची उंची जवळजवळ आपल्या अक्षांशाइतकीच असते. चामोर्शीचा अक्षांश सुमारे २० अंश आहे.

हे मुलांना स्वतः मोजता येते. कोनमापकाच्या सरळ कडेवर एक पोकळ नळी चिकटवा. मध्यबिंदूपाशी दोरा बांधून त्याला खडा लटकवा. नळी आडवी धरली की दोरा ९०च्या खुणेवर येतो. आता नळीतून ध्रुव पाहा आणि दोरा ९०पासून किती अंश सरकला ते दुसऱ्या मुलाला वाचायला सांगा. उन्हाळ्यात संध्याकाळी सप्तर्षींतील पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेषा क्रतूच्या पुढे सुमारे पाचपट वाढवली की ध्रुव सापडतो. कोणाचे उत्तर १८ येईल, कोणाचे २३. सगळ्यांची सरासरी काढा. मोजण्यात चूक कशी शिरते, हेही त्यातूनच कळेल.

ही वही घेऊन मुले तारांगणात गेली, तर ती नुसती बघत बसणार नाहीत. 'आमच्या गावचा ध्रुव दाखवा, आणि मग काश्मीरचा,' असे विचारतील. घुमटाला वेळ आणि अंतर आखडून दाखवता येते. स्वतः मोजल्याची खात्री मात्र गावच्या आकाशाखालीच मिळते. म्हणून आम्ही सुचवतो, सहलीची तारीख ठरवण्याआधी एक निरभ्र संध्याकाळ ठरवा.