तीन सेंटिमीटरचा खण

जुन्या नाशकात घर केवढं, हे चौरस फुटांत सांगत नसत. दोन खणी माजघर, पाच खणांची ओसरी म्हटलं की ऐकणाऱ्याला घर दिसायचं. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. आमच्या वाड्यात तो ५ फुटांचा होता. १:५० हे प्रमाण धरलं तर अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने तो ३ सेंटिमीटर होतो. वाडा पाडायचं ठरलं तेव्हा त्याची पुठ्ठ्याची प्रतिकृती करायला टेप घेऊन मी आठवडाभर तिथे मापं घेत बसले, ती याच भरवशावर. खण कळला की ९ सेंटिमीटरचा चौक, १५ची ओसरी, सगळं कागदावर येतं.

बालभारतीच्या पाचवीच्या गणितात अशा कागदाला सुरेख शब्द आहे : घडण. खोकं उलगडून सपाट केलं की जो आकार उरतो, तो. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२५ साली भूमितीवरच्या आपल्या ग्रंथात घनाकृती अशाच उलगडून छापल्या. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या एपिनाल गावच्या पेलरँ छापखान्याने कापून चिकटवायच्या घरांचे रंगीत तक्ते मुलांच्या हाती दिले. पुढे, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, जपानमधून पुठ्ठ्याची इवली घरं अमेरिकेत नाताळच्या झाडाखाली मांडायला जाऊ लागली. त्यांच्या मागच्या भिंतीला दिवा घालण्यासाठी एक गोल भोक असे. हे भोक मला फार आवडलं.

आमच्या घडणीचं मोठं कोडं होतं जमीन. जुनं नाशिक टेकांवर वसलेलं. म्हसरूळ टेक, गणपती टेक ही नावं अजून तोंडात आहेत. आमच्या वाड्याला गल्लीतून आठ पायऱ्या आणि परसात एकच. म्हणजे जोत्याची बाजूची भिंत आयत नव्हे, एका टोकाला निमुळती. दोन वेळा ती चुकली आणि वाडा गोदावरीकडे कलला.

भिंतींना १ मिलिमीटरचा ग्रे बोर्ड घेतला. कोपऱ्यात दोन भिंती भिडतात तिथे एकीतून पुठ्ठ्याची जाडी वजा करावी लागते, नाहीतर छप्पर बसत नाही. घडीच्या रेघेवरून आधी शाई संपलेलं बॉलपेन दाबून फिरवायचं. दर्शनी कागद मैद्याच्या खळीने डकवला. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. एकाच बाजूला कागद लावला तर वाळताना पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो. दुसऱ्या बाजूलाही तसाच लावायचा, हे मला एका बुकबाइंडरने शिकवलं. कौलांसाठी बारीक नागमोडीच्या खोक्याचा वरचा कागद ओला करून सोलला. आणि सुरूचे खांब! बुंध्याशी फुगीर, वर निमुळते. त्यांचं प्रमाण डोळ्यांत भरून घ्यायला सराफ बाजारातल्या पेशवेकालीन सरकारवाड्यात तीनदा गेले. तो अजून उभा आहे याचा मला मनापासून आनंद आहे. दर पावसाळ्यात जुन्या गावठाणात कुठला ना कुठला वाडा खचतो. २०१६च्या ऑगस्टमध्ये गोदेचं पाणी सराफ बाजारात शिरलं, तेव्हा खालच्या आळ्यांतल्या मातीच्या भिंती किती दिवस ओल्या होत्या ते मी पाहिलं आहे.

घरी फोटोंचे तीन अल्बम आहेत. लग्नाचे, मुंजीचे, सगळे दिंडी दरवाजासमोर काढलेले. मागच्या भिंतीचा एकही नाही. फोटोला ते चालतं. घडणीला चालत नाही. एक भिंत नसली तर घर मिटतच नाही. म्हणून परसातल्या अडगळीत शिरून ती मोजली आणि गिलाव्याखाली कमान हाताला लागली. विटांनी बुजवलेला दरवाजा. आत्याला फोन केला. "अगं, ती बायकांची वाट," ती म्हणाली. "शेजारच्या वाड्यात हळदीकुंकवाला, विरजण मागायला तिथूनच जायचो. वाटण्या झाल्या तेव्हा बुजवली."

माझ्या तक्त्यावर ती कमान तुटक रेघांनी काढली होती. वसुबारसेला भाच्याने किल्ल्याच्या पायथ्याशी वाडा ठेवला आणि दिव्याची वायर कुठून आत घालू, असं विचारलं. कटर घेऊन मी तुटक रेघा कापल्या. ३ सेंटिमीटर उंच, दीड रुंद. दिवा तिथून आत गेला आणि चौकाच्या चारी ओसऱ्यांवर सुरूच्या खांबांच्या सावल्या पडल्या.