मोटार साडेसातची, बिल दहाचे



पूर्वहंगामी लागणीच्या नोंदी घेत असताना एका सभासदांच्या वस्तीवर चहाला थांबलो. उसाचं बोलणं राहिलं बाजूला, आबांनी कोनाड्यातलं विजेचं बिल पुढं केलं. "साहेब, एवढं बघा जरा."

बिल जुलै ते सप्टेंबरचे, 2,800 युनिटचे. त्या पावसात सऱ्या तुंबलेल्या, मोटार सुरू केली कुणी? साडेसात अश्वशक्तीची मोटार तासाला साधारण 6 ते 7 युनिट घेते. म्हणजे हे बिल खरे मानायचे तर मोटार चारशे तास चालली! मीटर वर्षापूर्वीच बंद पडलेला, आकडा नुसता सरासरीचा. त्यात बिलावर भार 10 अश्वशक्ती. खरी मेख इथेच. एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे चालू बिल शासन भरते. कागदावर वाढलेल्या अडीच अश्वशक्तीने आबा त्यातून बाहेर पडले.

"गप भरून टाकतो. उन्हाळ्यात लाईट तोडली तर ऊस वाळंल."

भीती खोटी नाही. पण वीज कायदा 2003, कलम 56 असे सांगते, की मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली जी कमी ती हरकत नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. एरवीही 15 दिवसांची लेखी नोटीस लागते.

आम्ही मोटारीच्या पाटीचा फोटो काढला, जोडणीच्या वेळची कोटेशनची पावती ट्रंकेतून शोधली, अर्ज दिला आणि पोच घेतली. पोच नसलेला अर्ज म्हणजे वजनाची पावती न घेता रिकामी केलेली गाडी. दाद लागली नाही तेव्हा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे गेलो. त्यापुढे मुंबई आणि नागपूर येथे विद्युत लोकपाल आहेत.

दोन मागण्या वेगळ्या लिहाव्यात. दरापेक्षा जादा वसूल केलेली रक्कम कलम 62 प्रमाणे बँक दराच्या व्याजासह परत मागता येते. सेवेतल्या कसुरीची भरपाई कलम 57 ची; ती ठरल्यापासून 90 दिवसांत द्यावी लागते. बहुतेक जण बिल दुरुस्त झाले की घरी बसतात, भरपाई मागतच नाहीत.

आबांच्या बिलावर सात महिन्यांनी साडेसात आले, जादा आकार थकबाकीतून वजा झाला. भरपाईचा अर्ज मंचापुढे आहे.

अर्जाचा नमुना गट कार्यालयात ठेवला आहे. येताना वर्षभराची बिले आणावीत.