सरकार घरी पाठवायचं कुणी?

गावचा सरपंच गावकऱ्यांनी थेट निवडायचा की निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून, यावर महाराष्ट्राने पाच वर्षांत तीनदा निर्णय फिरवला. २०१७मध्ये थेट निवडणूक आली, २०२०मध्ये रद्द झाली, २०२२मध्ये परत आली. थेट निवडला तर सदस्यांची फोडाफोडी थांबते, असं एक बाजू म्हणते. सरपंच एका गटाचा, सदस्य दुसऱ्या गटाचे, मग कामं अडतात, असं दुसरी. देशांच्या राज्यघटनाही याच पेचात सापडलेल्या आहेत.

या वादात सगळ्यांचं लक्ष निवडीकडे असतं. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: मुदत संपायच्या आत सत्ताधाऱ्याला घरी कोण पाठवू शकतं?

संसदीय पद्धतीत सभागृह पाठवतं. १७ एप्रिल १९९९ला वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा फेटाळला गेला आणि एका मताने केंद्रातलं सरकार गेलं. अमेरिकेत असं होत नाही. तिथला अध्यक्ष चार वर्षांसाठी येतो आणि महाभियोगात त्याला दोषी ठरवायला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. आजवर तीन अध्यक्षांवर मिळून चार महाभियोग चालले. एकालाही पद सोडावं लागलं नाही. पण अध्यक्ष आणि काँग्रेस यांचं पटलं नाही, तर त्यांच्यातली कोंडी फोडणारंही कुणी नसतं. मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीच्या पैशांवरून २०१८च्या डिसेंबरापासून सरकारी कामकाजाचा काही भाग ३५ दिवस बंद होता.

फ्रान्सने या दोन्हींची सांगड घातली. चौथ्या प्रजासत्ताकात बारा वर्षांत वीसहून अधिक मंत्रिमंडळं आली-गेली. त्याला विटलेल्या फ्रान्सने १९५८मध्ये द गॉल यांच्या पुढाकाराने नवी घटना स्वीकारली. १९६२च्या सार्वमताने अध्यक्ष थेट जनतेतून येऊ लागला. तो पंतप्रधान नेमतो, कनिष्ठ सभागृह बरखास्त करू शकतो. अविश्वास ठराव आणून सभागृह अध्यक्षाला मात्र हटवू शकत नाही, पंतप्रधानाला पाडू शकतं. म्हणजे सत्तेचा धनी एक आणि जबाबदारीचं ओझं दुसऱ्यावर. बहुमत अध्यक्षाच्या बाजूने असेपर्यंत हे खपून जातं. ते विरोधकांकडे गेलं की अध्यक्षाला विरोधी पक्षाचा पंतप्रधान नेमावा लागतो आणि देशांतर्गत कारभार त्याच्या हाती जातो. १९९७ ते २००२ अध्यक्ष शिराक आणि पंतप्रधान जोस्पाँ असेच नांदले.

बहुमत कुणाचंच नसेल तर? अध्यक्ष मॅक्राँ यांनी २०२४च्या जूनमध्ये सभागृह बरखास्त केलं आणि निवडणुकीत तीन तट पडले. ५७७ जागांमध्ये कुणालाही बहुमत नाही. घटनेच्या ४९व्या कलमात मतदान न घेता विधेयक मंजूर करून घेण्याची सोय आहे. तिचा आधार घेताच डिसेंबरात अविश्वास ठराव आला आणि पंतप्रधान बार्निए यांचं सरकार ३३१ मतांनी पडलं. पुढच्या सप्टेंबरात त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बायरू विश्वासमत हरले. त्यांच्या जागी आलेल्या लकोर्नू यांनी मंत्रिमंडळ जाहीर झाल्यावर दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला आणि चार दिवसांनी त्यांचीच पुन्हा नेमणूक झाली. ज्यांच्या निर्णयातून हे सगळं सुरू झालं ते अध्यक्ष मात्र जागेवरच राहिले. या पद्धतीतला हा दोष मला अक्षम्य वाटतो.

४ नोव्हेंबर १९४८ला भारताच्या घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी नेमका हाच हिशेब केला होता. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक, ब्रिटिश पद्धतीत उत्तरदायित्व अधिक. मसुद्याने उत्तरदायित्वाला झुकतं माप दिलं आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. प्रश्न, ठराव, चर्चा यांतून कारभाराची झडती रोज व्हावी, केवळ निवडणुकीच्या वेळी नव्हे, हा त्यांचा आग्रह होता.

आज भारतात अध्यक्षीय पद्धतीची मागणी स्थैर्याच्या नावाने होते. काँग्रेस नेते वसंत साठे यांनी ती हिरिरीने मांडली होती. मला वाटतं, आपलं दुखणं वेगळं आहे. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने सत्ताधारी खासदाराला साध्या विधेयकावरही पक्षाच्या व्हिपविरुद्ध मत देणं अशक्य करून ठेवलं, आणि रोजच्या झडतीतली धार गेली. व्हिप मोडल्याची शिक्षा विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरती ठेवा, असं दिनेश गोस्वामी समितीने १९९०मध्येच सुचवलं होतं. घटनेची चौकट बदलण्याआधी ही एक दुरुस्ती संसदेने करून पाहावी.